हळद डोळ्यांत जात नाही

ताईला जाऊन आता वर्ष होत आले. या वर्षात मी फारसे लिहिले नाही, वाचलेही थोडेच. बारामतीच्या या घरात पुस्तके पुष्कळ आहेत, पण एकेका पानावर नजर अडकून बसते आणि पुढे सरकत नाही. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जाडजूड जर्मन कोश तेवढा अधूनमधून खाली काढते, पुसते, परत ठेवते. परवा तो मुद्दाम उघडला आणि त्यात एकच शब्द पाहिला. गेल्बझुख्ट. कावीळ. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमच्या दारात मांडव होता, ताईच्या अंगाला हळद लागलेली होती, आणि दीडशे माणसांच्या त्या गलबल्यात त्याचा अर्थ कळू शकेल अशी अण्णांना सोडून दोनच माणसे होती. एक ताई आणि दुसरी मी. त्या दिवसांबद्दल घरात पुढे पुष्कळ बोलणे झाले, हसणेही झाले. पण ते सगळे सलग कोणी सांगितले नाही. आता सांगणारी मीच उरले आहे.

अण्णा इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे धुण्याचा दगड आणि त्याच्यावर सावली धरणारा कडुनिंब. गळीत हंगाम सुरू झाला की आमचे घड्याळ भोंग्यावर चाले. उसाच्या गाड्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज पहाटे अंथरुणात ऐकू येई. आता ऊस ट्रॅक्टरने येतो आणि ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतात. मळीचा आंबूस गोड वास कपड्यांना, केसांना, भाकरीच्या पिठालासुद्धा असे. पाहुणे नाक मुरडत आणि आम्हाला कळत नसे की यांना झाले तरी काय. अण्णा पाळी संपवून आले की त्यांच्या बोटांना त्या वासाखाली आणखी एक वास असायचा, चुन्याचा. ते फार कमी बोलत. प्रयोगशाळेत काचेच्या नळीतला रस उजेडाकडे धरून त्याचा पिवळेपणा पाहणे हे त्यांचे रोजचे काम. घरी चहाचा कपसुद्धा ते तसाच धरीत. दिवा लावल्यावर कुठल्याही रंगाबद्दल ते मत देत नसत. आई साडी दाखवायची, तेव्हा म्हणायचे, "सकाळी बघू."

पुण्यात शिकताना ते जर्मन शिकले होते, कारण त्या काळी साखरेच्या रसायनाची चांगली पुस्तके त्या भाषेत होती. ती भाषा त्यांनी आम्हा दोघी बहिणींना शिकवली असे म्हणता येणार नाही. वाक्ये आम्हाला कधीच आली नाहीत. त्यांनी शब्द तेवढे दिले आणि तेही ऊस खाता खाता. जेवणे झाली की मागच्या पायरीवर आम्ही तिघे बसत असू. अण्णा विळीने उसाचे कांडे सोलत आणि म्हणत, "जर्मन शब्द उसासारखा असतो. लांब दिसला म्हणून भ्यायचं नाही. कांडी मोजायची आणि बुडख्याकडून खायला लागायचं." उसाचा गोडवा बुडख्याला जास्त असतो, शेंड्याकडे तो पाणचट होत जातो. जर्मन शब्दाचेही तसेच, असे ते सांगत. खरा अर्थ शेवटच्या कांड्यात असतो, अलीकडची कांडी फक्त त्याला रंग देतात. क्रांकेनहाउस. बुडखा काय? हाउस, घर. कुणाचे? आजाऱ्यांचे. म्हणजे दवाखाना. क्रांकेनश्वेस्टर. बुडखा श्वेस्टर, बहीण. आजाऱ्यांची बहीण. म्हणजे नर्स. या शब्दावर मी लट्टू झाले होते. मला ताप आला की ताईला मी तसेच हाक मारायची आणि ती माझ्या कपाळावर ओले फडके थापून म्हणायची, "गप पड गं, श्वेस्टरला अभ्यास आहे."

एकदा अण्णांनी त्सुकरक्रांकहाइट हा शब्द दिला. साखरेचा आजार, मधुमेह. ताई चटकन म्हणाली, "मग अख्ख्या कॉलनीला आहे की हा." अण्णा हसले, आणि ते हसले म्हणजे मोठी गोष्ट. मग त्यांनी सांगितले की त्सुकर हा शब्द मुळात इथलाच, संस्कृतातल्या शर्करेचा. इराणात गेला, अरबांनी उचलला, इटलीमार्गे जर्मनांकडे पोचला. "आपला ऊस तिकडं जाऊन साखर होऊन आला," ते म्हणाले. तेव्हा मला वाटले होते की जगातले सगळे शब्द कधी ना कधी आमच्या कॉलनीच्या फाटकातूनच बाहेर पडले असणार.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नाव शालन. मी पुस्तकात डोके घालणारी, ती माणसांत. कॉलनीतल्या कुठल्या घरात कुणाला किती तिखट लागते हेही तिला माहीत असे. तिचे लग्न बावड्याला ठरले. ऊस आणि डाळिंबाची शेती, दारात दुभती जनावरे, मुलगा शेतीचे शिकलेला. त्यांना मी पुढे जन्मभर दाजी म्हटले, तेव्हा इथेही तेच म्हणते. पाहायला आले तेव्हा दाजी खाली मान घालून बसले होते आणि ताईच त्यांच्याकडे सरळ बघत होती. नंतर म्हणाली, "बरा आहे. कान मोठे आहेत, ऐकून घेईल."

लग्न हंगामाच्या शेवटाला होते, त्यामुळे अण्णा कारखान्यात अडकलेले. घरातली सूत्रे वरकुट्याच्या आत्याने हातात घेतली. आत्या अण्णांची थोरली बहीण. अण्णांचे नाव सोपान, ते नुसते नाव घेऊन त्यांना हाक मारणारे तिच्याशिवाय कोणी उरले नव्हते. ती आली ती कुरडया-पापडांचे डबे, दोन पोती भुईमुगाच्या शेंगा आणि आपली मते घेऊन. घरात तळण सुरू झाले. त्या आठवड्यात ताईचे जेवणावरचे लक्ष उडाले. तळणाचा वास आला की ती उठून मागे कडुनिंबाखाली जाऊन बसे. एकदोनदा तिला उलटीही झाली. भाकरीचा तुकडा ताटात इकडून तिकडे फिरवायची. पायऱ्या चढून आली की भिंतीला टेकायची. मांडवातल्या बायकांना याचा अर्थ एकच लागत होता.

"जेवती कशाला आता? बावड्याचं दूध-तूप डोळ्यापुढं नाचतंय," एक जण म्हणाली.

"आगं, मन तितं आन् कूड हितं झालंय तिचं," दुसरी म्हणाली.

आत्या सगळ्यांत मोठ्याने हसली. "मी लग्नाच्या आधी आठ दिस नुसत्या चहावर व्हते. तिकडं जाऊन मग दोन-दोन भाकरी हानल्या. सासू म्हनाली, पोरगी दिली का पाहुनी?"

ताईही हसत होती. तिला काय होत होते ते तिने कुणाला सांगितले नाही. लग्नघरात आपल्या दुखण्याचा विषय काढायला तिला लाज वाटली असावी. शिवाय थकवा कुणाला नव्हता?

आमच्याकडे हळद आधी नवरदेवाला लागते, आणि त्याची उरलेली, उष्टी हळद नवरीकडे येते. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी बावड्याची जीप ती घेऊन आली. वाजंत्री वाजली, ताईला पाटावर बसवले, सवाष्णींनी पायापासून वर हळद चढवत नेली. माझा चुलतभाऊ लांबून बघून म्हणाला की ताई सोन्याची झाली. हळद अंगावर खुलली की सासरी मान मिळतो, अशी समजूत. ताईची खुलली होती. नुसती खुलली नव्हती, हात लावायच्या आधीच जणू आत भिनलेली होती. बायका एकमेकींना कोपराने ढोसून दाखवत होत्या. "काय बाई रंग चढलाय! एवढी हळद माझ्या उभ्या जल्मात बघितली न्हाय." आत्याने दोन्ही हातांनी तिच्यावरून कडाकडा बोटे मोडली. त्या क्षणी त्या मांडवात आमच्या ताईइतकी पिवळी आणि आमच्या आत्याइतकी समाधानी बाई दुसरी नव्हती.

मला पुढे अनेकदा वाटले आहे की तो रंग पाहिला सगळ्यांनी, आणि त्या सगळ्या जन्मभर माणसांचे चेहरे वाचत आलेल्या बायका होत्या. पण त्या दिवशी पिवळे असणे हेच नवरीचे काम होते. ते काम ती इतके चोख करत होती की शंका येणार कुठून?

अण्णा पाळी संपवून आले ते खाकी कपड्यांतच. ताई नमस्काराला वाकली. तिला उठवताना त्यांनी हनुवटीला हात लावून तिचा चेहरा वर केला आणि आशीर्वाद द्यायच्या ऐवजी नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "जरा उजेडात ये." मागच्या बाजूला, धुण्याच्या दगडापाशी, उन्हात त्यांनी तिला उभे केले आणि बोटाने डोळ्याची खालची पापणी ओढली. मी शेजारी होते.

"अण्णा, हळद गेली का डोळ्यात?" ताईने विचारले.

"हळद डोळ्यात जात नाही," अण्णा म्हणाले. "गेली तर झोंबते. डोळा लाल होतो. असा होत नाही."

मग ते माझ्याकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कुमुद, गेल्बझुख्ट."

गेल्ब मला माहीत होते. पिवळा. झुख्ट माहीत नव्हते. पण त्या क्षणी बुडखा कळायची गरज नव्हती. मी ताईच्या डोळ्यांत पाहिले. काळ्या बुबुळाभोवती जिथे पांढरे असते तिथे लिंबाच्या सालीचा रंग होता. ताईने माझ्याकडून अण्णांकडे पाहिले. पहिले कांडे तिलाही येत होते. कावीळ हा शब्द तिथे मोठ्याने उच्चारला असता तर चहा ओतणाऱ्याच्या हातातल्या किटलीसकट सगळा मांडव थांबला असता. अण्णांनी तो आमच्या पायरीवरच्या भाषेत उच्चारला. आई आली, तिने लघवीच्या रंगाचा फक्त एक प्रश्न ताईच्या कानात विचारला. ताई खाली बघून म्हणाली, "काळ्या चहासारखी. चार दिवस झाले."

आत्याला बोलावले नव्हते तरी ती आली. तिला अशा गोष्टींचा वास येई.

"काय चाललंय हितं?"

"शालनला कावीळ आहे," अण्णा म्हणाले. "आत्ता बारामतीला दवाखान्यात न्यायची."

"आत्ता? हळद लागल्याली पोर भाहीर काढतोस? सोपाना, शुद्धीत हायस का?"

"आक्का, डोळे बघ तिचे."

"बघितलं. उद्या अक्षता पडू दे, परवा ने. एक दिसानं काय हुतंय? आन् आज मांडवातनं उठली तर जल्मभर उठल्याली म्हनून हिंडंल ती. परत कोन दारात येनार न्हाय. हळद वाया गेल्याली पोर कोन करतंय?"

अण्णा जागचे हलले नाहीत. ते भित्रे नव्हते, पण बहीण सांगत होती ते खोटे नव्हते, आणि ते त्यांनाही माहीत होते. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. हात पदराआड धरलेले, हळद कुठे लागू नये म्हणून. मागच्या बाजूला कुणीतरी हसत होते, भांडी वाजत होती. त्या गलक्यात आई बोलली. आई चारचौघांत नवऱ्याआधी बोलणारी बाई नव्हती.

"जीप बोलवा," ती म्हणाली. "पोर राहिली तर हळद मिळंल."

आत्याने आईकडे बघितले. मग कमरेला पदर खोचला. "मग बावड्याला मी जाते. दुसरं कोन गेलं तर लोक म्हनतील नवरी पळाली."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ताईला बघितले आणि अण्णांना बाजूला नेऊन सांगितले की उद्याचा उपास, ऊन, होमाचा धूर आणि वर पंगतीचे तेलकट हे हिला झेपले नसते. आत्ताही काही खात्री देता येणार नाही, आजार वर चढतो आहे. त्यांनी एक गोष्ट बजावली. हिला बोलते ठेवा. गुंगी वाढली, काहीबाही बोलायला लागली, तर लगेच सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुहूर्ताच्या वेळेच्या थोडे आधी, वॉर्डाच्या दारात आत्या उभी होती आणि तिच्यासोबत हिरवे लुगडे नेसलेल्या, उंच, सावळ्या बाई होत्या. हातात तांब्याची कळशी. त्या दाजींच्या आई. गावात त्यांना सोनाकाकी म्हणत. त्यांना बघताच अण्णा उभे राहिले आणि हात जोडून काही बोलायला लागले. काकींनी हात वर केला. "बसा पावणं. बोलायचं ते काल तुमच्या भनीनं बोलून झालंय."

काय बोलणे झाले ते आत्याने नंतर आम्हाला साभिनय सांगितले. दाजींचे वडील, तात्या, चिडले होते. "पोरीला आजार व्हता तर लपावला कशापायी?" आत्या म्हणाली, "लपवायचा आस्ता तर उद्या अक्षता पडू दिल्या आस्त्या की. आज सांगाया कशाला आली आस्ते, तुमचं जेवान लई ग्वाड लागतंय म्हनून?" सोनाकाकी चुलीपुढून उठल्या आणि एवढेच विचारले, "अंगावरची हळद तशीच हाय का अजून?"

तशीच होती. आदल्या दिवशी जीपमध्ये घातले तेव्हा कुणाला ती धुवायचे सुचले नव्हते, आणि दवाखान्यात धुवायची छाती कुणाची नव्हती. सोनाकाकी खाटेवर बसल्या. कळशीत पदराचा शेव बुडवून पिळला. नर्सबाई धावत आल्या, "मावशी, इथं पाणी सांडायचं नाही."

"सांडत न्हाय बाई. पुसून घेती."

त्यांनी ताईचे कपाळ पुसले, मग गाल, गळा, हात, तळवे, शेवटी पाय. प्रत्येक वेळी पदर खाटेखालच्या बादलीत पिळत होत्या. पाणी पिवळे होत गेले. ताई डोळे मिटून पडली होती आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होते. सगळी हळद निघाली तरी ताई पिवळीच होती. आता तो रंग वेगळा दिसत होता, फिका आणि आतून आलेला. काकींनी तिच्या गालावर अंगठा घासून पाहिला.

"वरची आमची व्हती, ती आमी काढली," त्या म्हणाल्या. "आता ऱ्हायली ती हिची. ती डाक्टरनं काढायची." मग आईकडे वळून, "विहीणबाई, आमची हळद आमी माघारी नेत न्हाय. उसनी नेतूय. पोर बरी झाली का फिरून लावू. तवर ह्यो मांडव उठला आसं कोन म्हनलं तर माझं नाव सांगा." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "पोरानंबी सोताची धुतलीया. त्यो बी बसतूय तसाच."

अशी रीत आमच्याकडे नव्हती. मी पुढे पुष्कळांना विचारले आहे. ती काकींनी त्या बारामतीच्या रस्त्यावर, जीपमध्ये बसल्या बसल्या काढली असणार. आत्या मात्र म्हातारपणी छातीठोक सांगे की ही आपल्यातली जुनी चाल आहे, तुम्हा शिकलेल्यांना माहीत नसते.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. ताई दिवसाही झोपून राहू लागली. तिला बोलते कसे ठेवायचे ते आम्हाला कळेना. कॉलनीतल्या गप्पा तिला सांगितल्या तर ती हं म्हणायची आणि पापण्या मिटायची. मग अण्णांनी शब्द काढले. पायरीवरचेच शब्द. "शालन, क्रांकेनहाउस. बुडखा?" ती डोळे न उघडता म्हणायची, "घर." "कुणाचं?" "आपलं." "नीट सांग." "आजाऱ्यांचं." अण्णा मान डोलवायचे. त्यांची परीक्षा चालली होती, आणि ती शब्दांची नव्हती. ताईला ते कळत होते की नाही कुणास ठाऊक. उत्तर यायला लागणारा वेळ दर वेळी वाढत होता आणि मी खाटेच्या गजाला धरून उभी असायची.

एका दुपारी त्यांनी विचारले, "क्रांकेनश्वेस्टर." उत्तर आले नाही. त्यांनी परत विचारले. ताईचे डोळे अर्धे उघडे होते पण ती छताकडे बघत होती. अण्णांनी खुर्ची सरकवली, डॉक्टरांना बोलवायला उठले. ते दारापर्यंत गेले असतील. ताईने पांघरुणातून हात काढला, एक बोट कसेबसे उचलले आणि माझ्याकडे रोखले. "ही," ती म्हणाली. अण्णा दारात तसेच थांबले. मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मी त्यांची पाठ हलताना पाहिली.

त्यानंतर ती हळूहळू वर आली. आत्याने एका गावच्या वैदूकडून काविळीची माळ आणली. मुळ्यांच्या बारीक तुकड्यांची, डोक्यात घालायची. आजार उतरतो तशी ती लांब होत खाली सरकते म्हणतात. डॉक्टरांनी अण्णांकडे पाहिले, अण्णांनी आत्याकडे. "इंजेक्शन तुमचं, माळ माझी," आत्या म्हणाली. दोन्ही चालले. घरी आल्यावर आईने तेल आणि हळद दोन्ही बंद केले, ताईचेच नव्हे, सगळ्यांचे. "तिच्यापुढं पिवळं खायचं नाही," ती म्हणाली. आमच्या ताटात पांढरे वरण, पांढरी भाजी, पांढरी कढी आली. आजही मी अधूनमधून वरणात हळद घालायची विसरते आणि मग तसेच खाते. सगळे उसाचा रस पाजा म्हणत. अण्णांचा रसवंतीच्या पाण्यावर विश्वास नव्हता, म्हणून ते उकळलेल्या पाण्याने ऊस धुऊन, सोलून, बोटाएवढे तुकडे करून ताईला देत.

अशाच एका संध्याकाळी पायरीवर मी विचारले, "अण्णा, झुख्ट म्हणजे काय?" झूखेन म्हणजे शोधणे, त्यातलेच असावे, असे ते म्हणाले. पिवळ्याच्या शोधात निघालेला आजार. ते मला फार आवडले होते. पुढे मोठी झाल्यावर कोशात पाहिले तेव्हा कळले की ते तसे नाही. झुख्ट हे आजारपणाचे जुने नाव आहे, 'झीख' म्हणजे आजारी, त्याच्या घरातले. शोधाशी त्याचा संबंध नाही. आता तर जर्मन लोक तो शब्द व्यसनासाठी वापरतात. अण्णा तोवर नव्हते. असते तरी मी त्यांना सांगितले असतेच असे नाही. पण पहिल्या कांड्याबद्दल ते जे बोलले ते कोशातही सापडले. गेल्ब आणि आपल्या संस्कृतातले हरि, हरित, हिरण्य ही एका कुळीची, म्हणजे हरिद्रेची, आपल्या हळदीची, नातलगच. "तेव्हा आजाराच्या नावातच हळद होती," ते त्या संध्याकाळी म्हणाले आणि उसाचे चिपाड हातात फिरवत बसले. कावीळ हा आपला शब्द कामलेवरून आला. तिचा अर्थ जुने वैद्य इच्छा, अन्नाचीसुद्धा, घालवणारी असा लावतात. त्यांनी ताट पाहिले, जर्मनांनी रंग. आमच्या मांडवात दोन्ही समोर होते. परत गेलेले ताट आणि चढलेला रंग. आणि दोन्हीला आम्ही लग्न असे नाव दिले होते.

दिवाळीनंतर, कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आधी, लग्न झाले. हळद बावड्याहून आली तेव्हा तिच्यासोबत सोनाकाकी स्वतः आल्या. नवरीकडच्या हळदीला सासूने यायचे नसते, पण त्यांना कोण सांगणार? ताई पाटावर बसली, सवाष्णी पुढे सरसावल्या, आणि काकी म्हणाल्या, "थांबा. आधी डोळं दाखव." ताईने बोटाने खालची पापणी ओढली. पांढरे शुभ्र. मांडवात हशा पिकला. काकी हसल्या नाहीत. "हां. लावा आता." तेव्हापासून बावड्याच्या त्या घरात हळदीला बसणाऱ्या प्रत्येक मुलीला आणि मुलाला आधी डोळे दाखवावे लागतात. नव्या सुनांना वाटते ही कुलाचाराची गोष्ट आहे. ताईने तर त्याची खूणच करून टाकली होती. आम्ही भेटलो, कितीही दिवसांनी, एसटी स्टँडवर, कुणाच्या बारशाला, माझे पती गेले तेव्हासुद्धा, ती समोर आली की आधी पापणी खाली ओढायची. "बघ गं श्वेस्टर. पांढरं आहे." मग बोलायला सुरुवात.

गेल्या वर्षी ती झोपेतच गेली. मी पोचले तेव्हा तिला अंघोळ घालून, हिरवी साडी नेसवून ओसरीवर ठेवले होते. दाजी भिंतीला टेकून बसले होते. ती सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हळद कालवून आणली होती. मी विधवा, मागे उभी राहिले. तसे मला कुणी सांगितले नव्हते आणि सांगावे लागलेही नाही. सून वाटी घेऊन वाकली तेव्हा दाजी बोलले. सकाळपासून ते बोलले नव्हते, असे मला नंतर कळले.

"थांब. आधी डोळं बघायची रीत हाय आपल्याकडं."

सून थांबली. सगळे थांबले. दाजींनी मान वळवून मला शोधले.

"तिचं डोळं ह्यांच्याबिगर कोन बघनार? कुमुदताई, पुढं या. तुमीच बघा आन् तुमीच लावा."

एका म्हातारीने सरकून मला वाट दिली. मी ताईजवळ बसले. तिचा चेहरा गार होता आणि ताण गेलेला, लहानपणी अभ्यास करता करता झोपायची तसा. मी तिच्या डोळ्याखाली बोट ठेवले आणि ती करायची तशी पापणी हलकेच खाली ओढली. माणसांनी भरलेल्या ओसरीत सकाळचे ऊन आत आले होते. अण्णांना चालला असता असा उजेड होता.

"पांढरं आहे," मी म्हणाले.

"मग लावा," दाजी म्हणाले.